तीन वर्षं म्हणजे कुठली तीन वर्षं? : एका ग्रीन कार्डाचा हिशेब

१३ नोव्हेंबर २०२४. सकाळी साडेसातला माझ्या मामेबहिणीच्या नवऱ्याचा फोन. "ताई, आज टाकतोय हिचा अर्ज. सगळं भरून ठेवलंय, पैसे भरायचे तेवढे राहिलेत. एकदा नजर टाकता का?"

ही तारीख त्याने मोबाइलमध्ये केव्हाची लावून ठेवली होती. बायकोच्या ग्रीन कार्डावर 'रहिवासी कधीपासून' या रकान्यात ११ फेब्रुवारी २०२२ आहे. अमेरिकी नागरिकाशी लग्न झालेल्या माणसाला पाचऐवजी तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, आणि मुदत पुरी व्हायच्या ९० दिवस आधी अर्ज घेतात, हे आमच्याकडे कुठल्याही गणपतीच्या पंगतीत ऐकायला मिळतं. ११ फेब्रुवारी २०२५मधून ९० दिवस मागे गेलं की १३ नोव्हेंबर येते. वजाबाकी चोख होती.

मी अर्ज उघडला आणि त्याला एकच विचारलं, "तुझी स्वतःची नागरिकत्वाची शपथ कधी झाली?"

"ऑगस्टमध्ये. २०२२च्या. १९ तारीख."

"मग पुढच्या ऑगस्टपर्यंत थांब."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग मागून तिचाच आवाज आला, "म्हणजे काय गं ताई?"

अर्ज शेवटी गेला २ सप्टेंबर २०२५ला. मधल्या दहा महिन्यांत एकेक गाठ सापडत गेली, त्यांचं हे टिपण. मी वकील नाही. आमच्या गोतावळ्यात फॉर्म भरायचं काम माझ्या गळ्यात पडलेलं आहे, इतकंच. माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. तारखांमधली अंतरं तशीच ठेवली आहेत, कारण हे सगळं प्रकरण अंतरांचंच आहे.

लग्न आधी, संसार नंतर

नवरा मूळचा कोल्हापूरचा. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आला, कंपनीमार्फत ग्रीन कार्ड मिळालं. लग्न डिसेंबर २०१९मध्ये सांगलीला झालं. ती रसायनशास्त्रातली एम.एस्सी., तिथल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. जानेवारी २०२०मध्ये त्याने तिच्यासाठी आय-१३० हा नातेवाइकाला आणण्याचा फॉर्म भरला. तेव्हा तो नागरिक नव्हता, ग्रीन कार्डधारक होता. त्यामुळे तिचा अर्ज एफ-२ए या, ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांसाठी असलेल्या वर्गात गेला.

मार्चमध्ये कोविड आला, वकिलातींची दारं बंद झाली. एप्रिलमध्ये अध्यक्षांच्या हुकुमाने परदेशातून येणाऱ्या बऱ्याच स्थलांतरितांचे व्हिसा थांबले, त्यात ग्रीन कार्डधारकांच्या बायकाही होत्या. तो हुकूम फेब्रुवारी २०२१मध्ये उठला. पुढे साचलेली रांग. मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत तिची मुलाखत झाली ती जानेवारी २०२२मध्ये. तोवरचा संसार व्हिडिओ कॉलवर. ती सांगलीत रात्रीचं जेवण उरकून बसायची, तेव्हा त्याचा सकाळचा चहा चाललेला असायचा.

११ फेब्रुवारी २०२२ला ती नेवार्कला उतरली. इथे एक लक्षात घ्यायचं : मुंबईला मुलाखत ज्या दिवशी पास झाली तो दिवस धरायचा नाही, आणि ग्रीन कार्ड टपालाने घरी आलं तोही नाही. इमिग्रंट व्हिसावर विमानतळावर शिक्का बसला, त्या दिवसापासून ती कायम रहिवासी.

या उशिराचा एक फायदा झाला. ती आली तेव्हा लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती, म्हणून तिला दहा वर्षांचं कार्ड मिळालं. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत जे येतात त्यांना दोन वर्षांचं सशर्त कार्ड देतात, आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-७५१ हा अट काढून टाकण्याचा अर्ज भरावा लागतो. सशर्त काळही तीन वर्षांत धरतात. आय-७५१ अडकून पडलेला असला तरी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. मात्र आधी त्या अर्जाचा निकाल लागतो, मग नागरिकत्वाचा. हिच्या वाट्याला ती भानगड आली नाही.

ती आल्यावर सहा महिन्यांनी, १९ ऑगस्ट २०२२ला त्याने शपथ घेतली. घरी श्रीखंड-पुरी झाली, फेसबुकवर झेंड्यासोबत फोटो गेला. सगळ्यांच्या डोक्यात बसलं : नवरा सिटिझन, बायकोला तीन वर्षं. कशापासूनची तीन वर्षं, ते कुणी विचारलं नाही.

तीन वेगळ्या मोजण्या

अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम ३१९(ए) 'तीन वर्षं' ही अट एकदा नाही, तीनदा लावतं. ग्रीन कार्ड मिळून, त्यानंतर अमेरिकेत सलग वास्तव्य करून तीन वर्षं झाली पाहिजेत. त्याच नागरिक जोडीदाराबरोबर एकत्र संसार करून तीन वर्षं झाली पाहिजेत. आणि तो जोडीदार ही तिन्ही वर्षं नागरिक असला पाहिजे. तिन्हींची सुरुवात एकाच दिवशी होईल असं नाही. जी सगळ्यात उशिरा पुरी होते तिची वाट बघायची.

हिच्या बाबतीत पहिली मोजणी ११ फेब्रुवारी २०२२ला सुरू झाली. दुसरीही तेव्हाच, कारण लग्न २०१९चं असलं तरी एका छपराखाली राहणं नेवार्कला उतरल्यावर सुरू झालं. तिसरी १९ ऑगस्ट २०२२ला. म्हणजे तिन्ही पुऱ्या होणार १९ ऑगस्ट २०२५ला.

"मग त्यातून ९० दिवस वजा करूया की," तो म्हणाला. तेही चालत नाही. ९० दिवसांची सवलत आहे ती सलग वास्तव्याच्या मुदतीपुरती. एकत्र संसाराची आणि जोडीदाराच्या नागरिकत्वाची तीन वर्षं अर्जाच्या दिवशी पुरी झालेलीच हवीत. नवरा जन्मानेच अमेरिकी असेल आणि बायको ग्रीन कार्ड मिळायच्या बऱ्याच आधीपासून त्याच्या घरात असेल, तर हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून पंगतीतला सल्ला अशा जोडप्यांना लागू पडतो. आमच्या मुलांच्या घरात मात्र नवरा स्वतःच मागाहून नागरिक झालेला असतो, आणि तिथे नेमकी हीच मोजणी चुकते.

त्या दिवशी त्याने ७१० डॉलर भरले असते तर अर्ज नामंजूर झाला असता आणि पैसे परत आले नसते. एप्रिल २०२४पासून ऑनलाइन अर्जाची फी ७१०, कागदावर भरला तर ७६०. कमी उत्पन्न असेल तर ३८० डॉलरची सवलतीची फी आहे, ती यांना लागू नव्हती.

जाता जाता : या कलमासाठी ग्रीन कार्ड लग्नामुळेच मिळालेलं असलं पाहिजे असंही नाही. नोकरीतून मिळालेलं कार्ड असलं तरी तीन वर्षं नागरिक जोडीदाराबरोबर काढली असतील तर हाच दरवाजा उघडा आहे. उलट, लग्नावर कार्ड मिळालं आणि शपथेआधी घटस्फोट झाला किंवा जोडीदार वारला, तर हा दरवाजा बंद. मग सगळ्यांसारखी पाच वर्षं. नागरिक जोडीदाराच्या छळामुळे ज्यांनी स्वतंत्रपणे कार्ड मिळवलं त्यांना मात्र एकत्र राहण्याची अट न लावता तीन वर्षांची मुभा आहे. हे आपल्या बायकांना फार कमी माहीत असतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

एकशे ब्याण्णव

ऑगस्ट २०२५पर्यंत थांबायचं ठरलं, तेव्हा वाटलं आता नुसतं बसून राहायचं. प्रवासांची यादी करायला बसलो आणि खरी गाठ सापडली.

ऑक्टोबर २०२३मध्ये मामी न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, मिरजेला ऑपरेशन झालं. भाऊ बेंगळुरूला, वडील नाहीत. ही १८ ऑक्टोबरला निघाली. परतीचं तिकीट ६ एप्रिल २०२४चं होतं. मार्चअखेर मामीच्या जखमेत पू झाला, पुन्हा दवाखाना, त्यातच दिवसरात्र सांभाळायला ठेवलेली बाई गावी निघून गेली. तिने तिकीट पुढे ढकललं. २८ एप्रिलला परत आली.

तिच्या फ्रीजवर कालनिर्णय असतं आणि जुनी ती टाकत नाही, मागच्या पानांवर वाणसामानाचे हिशेब असतात म्हणून. २०२३चं आणि २०२४चं, दोन्ही जेवणाच्या टेबलावर पसरून आम्ही पेन्सिलीने मोजलं. निघाल्याचा दिवस आणि परतल्याचा दिवस, दोन्ही अमेरिकेत असल्याचे धरतात. तेव्हा १९ ऑक्टोबर ते २७ एप्रिल. १३, ३०, ३१, ३१, मग फेब्रुवारी. "अठ्ठावीस," ती म्हणाली. २०२४ लीप वर्ष होतं, एकोणतीस. मग ३१ आणि २७. एकूण १९२.

पहिल्या तिकिटावर परतली असती तर १७० दिवस झाले असते.

१८०च्या आत बाहेर राहिलं तर सहसा कुणी काही म्हणत नाही. १८०च्या वर पण वर्षाच्या आत असेल, तर सलग वास्तव्य तुटलं असं कायदा गृहीत धरतो, आणि तुटलेलं नाही हे दाखवायची जबाबदारी अर्जदारावर येते. वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दाखवायलाही काही उरत नाही, मोजणी नव्याने सुरू. हिचे बारा दिवस जास्त होते.

"पण मला नेवार्कला आत घेतलं की," ती म्हणाली. "त्याने विचारलं इतके दिवस का, मी आईचं सांगितलं, त्याने मान डोलावली." विमानतळावरच्या अधिकाऱ्याने ग्रीन कार्ड शाबूत आहे एवढं ठरवलं. नागरिकत्वाचा अधिकारी सलग वास्तव्य स्वतः पाहतो. 'वर्षाच्या आत परत आलं की झालं' हा आपल्या लोकांचा आवडता नियम कार्ड वाचवण्यापुरता कसाबसा खरा आहे, नागरिकत्वाच्या मोजणीला तो लागत नाही. लांबच्या मुक्कामाआधी काढतात त्या री-एंट्री परमिटचंही तेच : त्याने कार्ड सांभाळलं जातं, सलग वास्तव्य नाही.

प्रत्यक्ष हजेरीची अट वेगळी आणि तिची चिंता नव्हती. तीन वर्षांतले निम्मे, म्हणजे किमान ५४८ दिवस अमेरिकेत काढलेले हवेत. हे १९२ आणि डिसेंबर २०२४मधल्या भावाच्या लग्नाचे २१ वजा जाता तिचे ८८०च्या आसपास होत होते.

थांबायचं की भिडायचं

इथे आम्ही एका वकिलाकडे गेलो. त्याने दोन रस्ते सांगितले. एक, थांबा. परतल्याच्या तारखेपासून अडीच वर्षं जाऊ द्या. नोव्हेंबर २०२६मध्ये अर्ज केलात तर मागची तीन वर्षं नोव्हेंबर २०२३पासून सुरू होतील, त्या दौऱ्याचा सुरुवातीचा भाग बाहेर पडेल आणि उरलेली गैरहजेरी १८०च्या आत येईल. म्हणजे काही सिद्ध करायलाच नको. दोन, ऑगस्टनंतर अर्ज करा आणि पुराव्यानिशी सांगा की वास्तव्य तुटलं नव्हतं. त्याचं स्वतःचं मत पहिल्या रस्त्याचं होतं.

नवऱ्यालाही थांबायचं होतं. तीच तयार होईना. "मामी पुन्हा पडली तर?" तिने विचारलं. (माझ्याशी बोलताना ती आईला मामीच म्हणते, माझी मामी म्हणून.) सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. ग्रीन कार्डावर असताना दर वेळी दिवस मोजायचे. नोव्हेंबर २०२६पर्यंत थांबायचं म्हणजे तोवर सांगलीला लांबचा मुक्काम करायचा नाही. नागरिक झाल्यावर अमेरिकेबाहेर किती दिवस राहावं यावर बंधन नाही. आईपाशी मनाजोगतं राहता यावं म्हणून तिला अमेरिकेचा पासपोर्ट हवा होता. लोकांना हे उलटं वाटेल, पण आमच्या पिढीतल्या निम्म्या बायकांचं कारण हेच असतं. सांगताना त्या मतदानाचं सांगतात.

मी तिच्या बाजूने होते. अर्ज नामंजूर झाला तर ७१० डॉलर जातील, पण कार्ड जात नव्हतं : तिची नोकरी, कर, घर सगळं इथे होतं, कुठे गुन्हा नाही, लपवालपवी नाही. कागदाला कागद लागत असेल तर भिडावं, असं माझं मत. घरच खाली केलेलं असतं, नोकरी सोडलेली असती, तर मीही म्हटलं असतं की गप्प बसा.

कागद

आम्ही फाइल लावली तेव्हा सगळ्यात वर मिरजेच्या दवाखान्याचे कागद ठेवले होते. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रेचा अहवाल, दुसऱ्यांदा दाखल केल्याची पावती. वाटलं, कारण इतकं खरं आहे की बघणाऱ्याचं मन द्रवेल. मग मी नियम पुन्हा वाचला. का गेलात, हे तो मुळात विचारतच नाही. तो विचारतो : अमेरिकेतली नोकरी सोडलीत का? जवळचं कुटुंब अमेरिकेतच राहिलं का? इथलं घर तुमच्यासाठी तसंच होतं का? आणि परदेशात नोकरी धरलीत का? मामीच्या खुब्याचे कागद तळाशी गेले.

नोकरीचा कागद सगळ्यात अवघड निघाला. ती ऑगस्ट २०२२पासून पेनसिल्व्हेनियातल्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये क्वालिटी कंट्रोलला होती. आईच्या आजारपणासाठी कायद्याने मिळणारी बारा आठवड्यांची बिनपगारी रजा तिने घेतली, आणि पुढे साहेबाने आणखी बिनपगारी रजा मंजूर केली. आम्ही एच.आर.कडे पत्र मागितलं. पत्र आलं, आणि त्यात लिहिलं होतं की त्या ऑक्टोबर २०२३पर्यंत कामावर होत्या आणि एप्रिल २०२४मध्ये पुन्हा रुजू झाल्या. 'पुन्हा रुजू'! तेवढ्या दोन शब्दांत नोकरी सुटल्यासारखी वाटत होती. प्रत्यक्षात तिचा कर्मचारी क्रमांक तोच, नेमणुकीची तारीख तीच, रजेच्या मंजुरीची ईमेल हातात. तिने ते सगळं जोडून परत विचारलं. दुसऱ्या पत्रात 'मंजूर रजेवर होत्या, रजा संपल्यावर कामावर परतल्या' असं आलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पहिलं पत्र कुणीतरी घाईत खरडलेलं होतं. कुणाकडूनही असं पत्र आणलंत तर पाकिटातून काढून आधी वाचा.

बाकीचं सोपं होतं. अपार्टमेंटच्या भाडेकरारावर २०२२पासून दोघांची नावं, त्या सात महिन्यांची भाड्याची नोंद, संयुक्त बँक खातं, त्याच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात तिचं नाव, गाडीचा विमा. २०२२, २३ आणि २४ या तिन्ही वर्षांचे संयुक्त आयकर भरल्याचे आयआरएसचे, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याचे उतारे. नवरा-बायकोने कर वेगवेगळा भरला म्हणून अर्ज पडत नाही, पण मग प्रश्न येतात. आणि ग्रीन कार्डधारकाने चार पैसे वाचवायला स्वतःला अनिवासी दाखवून कर भरला, तर तो स्वतःच लिहून देतो की मी इथला नाही.

चौथ्या प्रश्नाला ती थोडक्यात वाचली. जानेवारी २०२४मध्ये तिच्या जुन्या कॉलेजातून निरोप आला होता : आलीच आहेस तर एक सत्र तास घेतेस का, माणूस मिळत नाहीये. तासिका तत्त्वावर, मानधन ते केवढं! तिला मामीपासून उठायलाच फुरसत नव्हती म्हणून ती नाही म्हणाली. हो म्हणाली असती तर त्या थोडक्या रुपयांनी फाइलचा एक खांब काढून घेतला असता.

तीन महिन्यांची आणखी एक अट

१९ ऑगस्टला अर्ज जाऊ शकला असता, पण गेला नाही. मे २०२५मध्ये त्याची नोकरी बदलली आणि ३१ मेला ते पेनसिल्व्हेनियातून न्यू जर्सीत, एडिसनला आले. ज्या राज्यात किंवा यूएससीआयएसच्या, म्हणजे इमिग्रेशन खात्याच्या जिल्ह्यात अर्ज करायचा तिथे आधी तीन महिने राहिलेलं असावं लागतं. सोमवारी लेबर डेची सुट्टी होती. मंगळवारी, २ सप्टेंबरला आम्ही अर्ज पाठवला. प्रवासाच्या रकान्यात १९२ दिवस जसेच्या तसे लिहिले.

तारखा लिहिताना थोडी खटपट झाली, कारण अमेरिका बाहेर जाताना शिक्का मारतच नाही आणि मुंबईचा शिक्का एक दिवस पुढेमागे असतो : विमान रात्री उशिराचं, इमिग्रेशन २७ तारखेला, नेवार्कला पोचलं २८ला पहाटे. अमेरिकेतून निघाल्याची आणि अमेरिकेत पोचल्याची तारीख लिहायची. बोर्डिंग पास ईमेलमध्ये सापडले.

दोनच आठवड्यांनी बातमी आली की नागरिकत्वाची परीक्षा बदलते आहे. २० ऑक्टोबर २०२५ला किंवा त्यानंतर अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांची यादी, तोंडी २० विचारणार, १२ बरोबर हवे. त्याआधीच्यांना जुनी यादी : १०० प्रश्न, १० विचारणार, ६ बरोबर. तिने सुटकेचा निःश्वास टाकला. शिकवणारी बाई असूनही पाठांतराचा तिला कंटाळा आहे.

मुलाखत

डिसेंबर २०२५च्या दुसऱ्या आठवड्यात मुलाखत झाली. या मुलाखतीला नवऱ्याने आत असण्याची गरज नसते. तो खाली गाडीत हीटर लावून बसला होता. पुढचं तिच्याकडून ऐकलेलं.

अधिकारी मध्यमवयीन बाई होत्या. आधी शपथ, मग इंग्रजीचं एक वाक्य वाचून, एक लिहून. सर्वोच्च कायदा कोणता, कॅनडाला लागून असलेलं एक राज्य सांगा, सुझन बी. अँथनी यांनी काय केलं. सलग सहा बरोबर आल्यावर त्या थांबल्या. सगळं पाच मिनिटांत.

मग नवऱ्याच्या नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावरची तारीख त्यांनी अर्जातल्या तारखेशी ताडून पाहिली. १९ ऑगस्ट २०२२ ते २ सप्टेंबर २०२५. बोटांवर मोजल्यासारखं केलं आणि पुढे गेल्या. २०२४च्या नोव्हेंबरात अर्ज गेला असता तर मुलाखत इथेच संपली असती.

पुढचा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. "तुमचं मधलं नाव तुमच्या नवऱ्याचं पहिलं नाव कसं?" तिने समजावलं : आमच्याकडे लग्नाआधी वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. "म्हणजे तुमची तिन्ही नावं बदलू शकतात?" पहिलं नावसुद्धा आमच्याकडे काही घरांत बदलतात, हे सांगायचा मोह तिने आवरला. सांगली महापालिकेच्या विवाह प्रमाणपत्रावरचं माहेरचं पूर्ण नाव 'पूर्वीची नावं' या रकान्यात आम्ही लिहिलेलं होतं, म्हणून दोन मिनिटांत मिटलं. मराठी बाईने हा रकाना कधीच रिकामा सोडू नये.

आणि मग १९२. "सहा महिन्यांहून जास्त होतात." ती म्हणाली, हो, बारा दिवस जास्त. फाइल पुढे केली. त्यांनी कंपनीचं पत्र वाचलं, भाडेकरार उलटून पाहिला, विचारलं, "भारतात काम केलंत?" नाही. "नवरा कुठे होता?" पेनसिल्व्हेनियात, त्याच घरात, मधे दहा दिवस सांगलीला येऊन गेला. "तुमचं सामान?" हा प्रश्न कुठल्याच यादीत नव्हता. ती म्हणाली, सगळं इथेच होतं, मी एक बॅग घेऊन गेले होते. मग न राहवून पुढे म्हणाली, माझा प्रेशर कुकरसुद्धा इथेच होता, नवऱ्याने तो जाळून ठेवला. बाई हसल्या. मिरजेचे कागद त्यांनी पाहिले नाहीत. नंतर मात्र विचारलं, "आई आता कशी आहे?"

निकाल त्याच दिवशी हातात मिळाला. शपथविधी जानेवारी २०२६मध्ये. दारातच ग्रीन कार्ड काढून घेतलं. प्रमाणपत्रावर नावाचं स्पेलिंग तिथल्या तिथे तपासून घे म्हणून मी बजावलं होतं, बरोबर होतं.

इकडचा हिशेब

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. शपथ झाली त्या क्षणी, १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९नुसार तिचं भारतीय नागरिकत्व संपलं. त्यानंतर जुना भारतीय पासपोर्ट वापरणं गुन्हा आहे. तो व्हीएफएस या वकिलातीचे अर्ज घेणाऱ्या कंपनीमार्फत परत करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं आणि मग ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा अर्ज करायचा. त्यासाठी आधी अमेरिकेचा पासपोर्ट लागतो, आणि त्या पासपोर्टसाठी नागरिकत्वाचं मूळ प्रमाणपत्र पाठवावं लागतं. महिनाभर हातात धड कुठल्याच देशाचं काही नसतं, याची तयारी ठेवायची.

मामीला फोनवर दोनच शंका होत्या. पहिली, "मतदार यादीतनं नाव काढायचं का?" काढायचं, ओसीआयवाल्याला मत नाही. दुसरी जमिनीची. तासगावकडे मामांची द्राक्षाची दोन एकर बाग आहे, सातबाऱ्यावर वारस म्हणून हिचंही नाव लागलेलं आहे. ते राहतं. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने आलेली ठेवता येते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्यालाच विकता येते. मामी म्हणाली, "विकतंय कोण?"

मामीला इकडे आणायचा विषयही निघाला. नागरिक झालेल्या मुलीला आईसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो आणि त्याला वार्षिक कोट्याची रांग नाही. मामीने तो एका वाक्यात निकालात काढला : तिथं दार उघडलं की बर्फ, मी पुन्हा पडीन.

सध्या सरेंडर सर्टिफिकेट आलं आहे, ओसीआय प्रक्रियेत आहे. एप्रिलचं तिकीट काढलंय, मामीच्या दुसऱ्या पायाचा गुडघा बदलायचा आहे. ओसीआय वेळेत आलं नाही तर ती ई-व्हिसावर जाईल. मी त्याचे नियम वाचून तिला कळवले : अमेरिकी नागरिकाला त्यावर एका कॅलेंडर वर्षात भारतात जास्तीत जास्त १८० दिवस राहता येतं. तिने नुसतं कालनिर्णयाच्या एप्रिलच्या पानाचा फोटो पाठवला. पेन्सिल वर ठेवलेली होती.